ठासणीच्या बंदुकीचं फिनिशिंग: डागाळलेला दस्ता, न वाळणारं तेल आणि ठिपक्याठिपक्यांची नळी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. पेनसिल्व्हेनिया धाटणीच्या चकमकीच्या लाँगरायफलचं अर्धवट जोडलेलं किट तुम्ही एका गृहस्थांकडून घेतलंत. दस्ता पट्टेदार मॅपलचा आहे. तो पॉलिश पेपरने घासून त्यावर रंगाच्या दुकानातला अक्रोडी स्टेन लावलात, तर कुठे गडद, कुठे फिका असे डाग पडले आणि लाकडातले पट्टे जवळजवळ दिसेनासे झाले. वरून बेलतेलाचे (वाळवण घातलेल्या जवस तेलाचे) तीन-चार हात दिलेत, ते पंधरा दिवसांनंतरही बोटाला चिकटतंय. नळीला ब्राउनिंग (मुद्दाम गंज आणून तपकिरी रंग देणं) केलंत, तर तीही काही ठिकाणी तांबूस आणि काही ठिकाणी कोरी राहिली. आता तुम्ही विचारताय की कोणतं तेल आणि कोणतं सोल्यूशन आणू.

दुसरं तेल आणलंत तरी हाच अनुभव येईल, असं मला वाटतं. डाग, चिकटपणा आणि ठिपके या तीन तक्रारी वेगळ्या दिसतात, पण तिन्हींचं मूळ बाटली उघडण्याआधीच्या कामात आहे. लाकूड आणि लोखंड दोन्ही रंग घ्यायला तयार नव्हते, आणि जे लावलं ते जाड लावलं गेलं. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी सगळ्यात जास्त वेळ पृष्ठभागावर घालवायला लावतो. त्यातले बरेच जण सुरुवातीला कंटाळतात, पण रंग चढवायच्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर तो वेळ वसूल झालेला दिसतो.

पुढे जे लिहितोय त्यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. आधीच्या मालकाने लाकडाला काय लावलं होतं, तुमच्याकडे हवा किती दमट आहे, मॅपल कठीण जातीचं आहे की मऊ, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला बंदूक कशी दिसायला हवी आहे. म्हणून नुसती कृती न सांगता त्यामागची कारणंही सांगतो, म्हणजे तुमच्या परिस्थितीप्रमाणे तुम्हाला बदल करता येतील.

कामाला हात घालण्याआधी दोन गोष्टी. किट दुसऱ्याच्या हातातून आलंय, तेव्हा नळी रिकामी आहे याची खात्री स्वतः करा. दारू-गोळी ठासायचा गज नळीत शेवटपर्यंत सरकवा, तोंडाशी त्यावर पेन्सिलने खूण करा, बाहेर काढा आणि ती खूण नळीच्या तोंडाशी धरून गज नळीवर बाहेरून ठेवा. गजाचं टोक रंजकाच्या छिद्राच्या (नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या, आग आत नेणाऱ्या बारीक भोकाच्या) अगदी जवळ पोहोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. ती दारू आणि गोळीही असू शकते, आणि दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षांनीही पेटते. अशा वेळी काम थांबवा आणि नळी जाणकाराकडून मोकळी करून घ्या. दुसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेच्या १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये बहुतेक ठासणीच्या बंदुका 'अँटिक' या मोकळीक असलेल्या वर्गात जातात, तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. भारतातून हे उत्तर वाचणाऱ्यांनी तर नीट लक्षात घ्यावं की तिथे १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे. 'जुन्या पद्धतीची आहे, तिला कोण विचारतं' या समजावर जाऊ नका.

आता दिसण्याबद्दल. लाँगरायफल घडली अठराव्या शतकात, पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर, रेडिंग, बेथलेहेम या पट्ट्यात. जर्मन आणि स्विस मुलखातून आलेल्या कारागिरांनी आपली आखूड, जाडजूड येगर रायफल बदलत बदलत ही लांब आणि सडपातळ बंदूक तयार केली. अष्टकोनी नळी चाळीस इंचांहून लांब, दस्ता मॅपलचा, गालाच्या बाजूला कोरीव काम, उजव्या अंगाला पितळी झाकणाची डबी. संग्रहालयात ती काळपट, मळकट, कडा झिजलेली दिसते आणि नवशिक्याला वाटतं की कारागिराने ती अशीच करून दिली. ती काळोखी दोन-अडीचशे वर्षांच्या घामाची, धुराची आणि तेलाची आहे. दुकानातून बाहेर पडताना तीच बंदूक लालसर-सोनेरी असायची, तेलाच्या वार्निशची तकाकी तिच्यावर असायची आणि पितळ झळझळीत असायचं. तेव्हा आधी ठरवा: गिऱ्हाइकाच्या हातात नुकतीच पडलेली बंदूक करायची आहे, की वापरून मुरलेली? दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पहिल्या बंदुकीच्या बाबतीत मी नेहमी नव्यासारखीच करायला सांगतो. खोटी झीज पटेल अशी करायला आधी खऱ्या झिजेचा अभ्यास लागतो. हात कुठे लागतो, गज काढताना कुठे घासतं, खांद्याला कोणता कोपरा टेकतो, हे जुन्या बंदुका पाहूनच कळतं. इंडियानात फ्रेंडशिप या गावी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मुख्यालय आहे. १९३३ पासूनची ही संस्था आहे आणि तिथल्या मेळाव्यांत जुन्या-नव्या बंदुका हातात घेऊन पाहायला मिळतात. जमलं तर एकदा जाऊन या. फोटोत जे दिसत नाही ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

दस्त्याकडे वळू. सगळी धातूची कामं उतरवून ठेवा. आत्ताचं चिकट तेल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या खरखरीत फडक्याने पुसून काढा. त्यानंतर रंग काढण्याचं जेल किंवा स्क्रेपर वापरून स्टेनपर्यंत जा. मग लाकूड पूर्ण वाळू द्या आणि एक परीक्षा करा: स्वच्छ फडकं पाण्यात बुडवून, पिळून, सगळ्या दस्त्यावरून फिरवा आणि खिडकीच्या उजेडात तिरपं धरून पाहा. निरोगी लाकूड पाणी लगेच पितं आणि एकसारखं गडद होतं. जिथे पाण्याचे थेंब तसेच उभे राहतात किंवा जागा फिकी राहते, तिथे काहीतरी शिरलेलं आहे: आधीच्या माणसाने लावलेलं सीलर, एखादा तडा सांधताना सांडलेला गोंद, नाहीतर हातांचं तेल. तुमचे फिके डाग बहुतेक तिथलेच असणार. त्या जागांना पेन्सिलने गोल करा आणि तेवढ्याच जागा पुन्हा खरवडा, मग पुन्हा ओल्या करून बघा. पाणी सगळीकडे सारखं शिरेपर्यंत हे चालू ठेवायचं. ही परीक्षा फुकटची आहे आणि तुमच्या निम्म्या अडचणींचं उत्तर तिच्यात आहे.

गडद डागांचं कारण वेगळं असतं. जिथे पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे राहतात तिथे रंग साठतो. दस्त्याच्या मनगटाशी (हाताने पकडायच्या बारीक भागाशी) आणि मागच्या टोकाला लाकडाचे तंतू पृष्ठभागावर आडवे कापले जातात, तिथे रंग जास्त शोषला जातो. पहिल्यावर उपाय स्क्रेपर हा आहे. धार लावलेलं पातळ पोलादी पातं किंचित वाकवून, दोन्ही अंगठ्यांनी रेटत लाकडावरून ओढायचं. त्यातून कागदासारखा पातळ सोलपटा निघाला पाहिजे. पिठासारखी धूळ निघत असेल तर धार गेली आहे. पॉलिश पेपर तंतू फाडतो आणि धूळ त्याच फटीत दाबतो, त्यामुळे पट्टे धुरकट दिसतात. स्क्रेपर तंतू कापतो आणि पृष्ठभागाला काचेसारखी स्वच्छता येते. पट्टेदार मॅपलमध्ये रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, सारखी वर-खाली होते, त्यामुळे पातं अडखळून लाटा उठायची भीती असते. तेव्हा पात्याचा तिरपेपणा बदलत राहा आणि एकाच दिशेने जोर लावू नका.

पॉलिश पेपर मी वर्ज्य मानत नाही, पण त्याच्या मागे नेहमी कडक ठोकळा असावा. नुसत्या बोटांनी घासलं की मऊ भाग जास्त खाली जातो. घोड्याच्या यंत्राभोवतीची (चकमक आपटून ठिणगी पाडणाऱ्या यंत्राभोवतीची) सपाट जागा आणि तिची धारदार कडा या बंदुकीचा चेहरा आहे. ती कडा गोल झाली की कितीही उत्तम तेल लावा, काम किटचंच दिसतं. पितळेच्या तुकड्यांभोवतीही हेच. पितळ कठीण, लाकूड मऊ, बोटांनी घासलं तर पितळ उंच राहतं आणि भोवती खळगा पडतो. पितळ आणि लाकूड एका पातळीत आणायचं असेल तर ते बसवलेलं असतानाच कानस किंवा ठोकळा दोन्हींवर मिळून चालवावा, आणि मगच उतरवावं. पितळेचा काळा कीस लाकडात शिरतो, तो नंतर स्क्रेपरच्या एका हाताने काढून टाकायचा.

शेवटी रेषा उभी करायची. दस्ता पाण्याने ओला करून झटपट वाळवला की दबलेले तंतू दाढीच्या खुंटांसारखे उभे राहतात. ते बारीक पेपरने किंवा धारदार स्क्रेपरने हलकेच कापायचे, दाबायचं नाही. दोन-तीनदा केलं की नंतर पाण्यातला रंग लावल्यावर लाकूड खरखरीत होत नाही. या टप्प्यावर स्टील वूल वापरू नका. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि ओले झाले की प्रत्येक तुकड्याभोवती काळा ठिपका उमटतो.

आता रंग, म्हणजे तुमच्या दस्त्याचा आत्मा. पट्टेदार मॅपलमध्ये तंतू लाटांसारखे वर-खाली जातात. कापलेल्या पृष्ठभागावर एका पट्ट्यात तंतू आडवे पडलेले असतात आणि शेजारच्या पट्ट्यात त्यांची टोकं उघडी असतात. उघडी टोकं जास्त रंग पितात. बंदूक हातात फिरवली की गडद-उजळ पट्टे जागा बदलताना दिसतात, ते यामुळेच. दुकानातल्या बहुतेक स्टेनमध्ये रंगाची बारीक पूड तेलात तरंगत असते. ती तंतूंच्या आत फारशी जात नाही, वर बसते, आणि पट्ट्यांवर पडदा ओढते. तुमच्या दस्त्यावर नेमकं हेच घडलं. मॅपलला लाकडाच्या आत होणारा रंग हवा.

त्यासाठी जुनी पद्धत म्हणजे नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं द्रावण. जुने लोक नायट्रिक आम्लाला 'ॲक्वा फोर्टिस' म्हणत. हे द्रावण घरी बनवू नका. आम्लात लोखंड पडलं की तांबूस-पिवळा विषारी वायू निघतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. बंदुकीच्या सामानाचे विक्रेते तयार द्रावण देतात, किंवा फेरिक नायट्रेटचे खडे मिळतात, ते पाण्यात विरघळवता येतात. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा तरीही हवीच. द्रावण ब्रशने पूर्ण दस्त्यावर सारखं लावा आणि वाळू द्या. वाळल्यावर लाकूड हिरवट-राखाडी, मेलेल्या पानासारखं दिसतं. पहिल्यांदा करणाऱ्याचं काळीज इथेच बसतं. घाबरू नका. हीट गन घ्या, हातभर अंतरावरून सुरुवात करा आणि हळूहळू जवळ आणा. एका जागी थांबायचं नाही. थोड्या वेळाने त्या हिरवट रंगातून तांबूस तपकिरी उगवू लागतो आणि पट्टे एकेक करून वर येतात. जिथे हिरवट झाक राहिली तिथे उष्णता कमी पडली आहे, तिथे परत जा. पातळ कडा आणि कोरीव काम लवकर तापतं आणि करपतं, तिथे हीट गन लांब धरा. रंग फिका वाटला तर दुसरा हात देता येतो. गडद झाला तर परत आणणं अवघड, म्हणून पहिलं द्रावण पातळच घ्यावं.

हे सगळं आधी त्याच दस्त्याच्या तुकड्यावर करून बघा. किटबरोबर तुकडा आला नसेल तर नळीच्या खाचेत किंवा मागच्या पितळी पाठीखाली, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे बोटभर जागेवर बघा. एकाच झाडाच्या दोन फळ्याही वेगळा रंग घेतात, त्यामुळे माझ्या तुकड्यावरचा रंग तुमच्या दस्त्याला उपयोगाचा नाही. मॅपलमध्ये टॅनिन कमी असतं. गडद तपकिरी हवा असेल तर आधी कडक काळ्या चहाचा एक हात देऊन, तो वाळवून, मग द्रावण लावा. चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून रंग गडद करतं. दस्ता अक्रोडाचा असता तर मी यातलं काहीच सांगितलं नसतं. अक्रोडात टॅनिन भरपूर असल्यामुळे लोखंडाने तो काळा पडतो, आणि त्याला नुसतं तेल शोभतं. चेरीच्या लाकडाला उन्हात ठेवलं तरी ते आपसूक लालसर होतं.

उष्णता दिल्यावर उरलेलं आम्ल मारायला खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी लावावं का, यावर कारागिरांत मतभेद आहेत. काही म्हणतात, पुरेशी उष्णता दिली की गरज नाही. मी लावतो, मग साध्या पाण्याने पुसतो आणि पूर्ण वाळू देतो, कारण याच लाकडाच्या कुशीत पोलादी नळी कायमची बसणार आहे. सोड्याने छटा किंचित बदलते, म्हणून तुकड्यावर तेही करून पाहा.

आता तेल. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि ही क्रिया वरून खाली होते. हात जाड असला की वर साय धरते, खाली तेल ओलंच राहतं, आणि वरच्या सायीमुळे त्याला हवा मिळत नाही. तुमचं तेल पंधरा दिवसांनी चिकटतंय ते असं. त्यात हवा थंड किंवा दमट असेल तर आणखी उशीर. कच्चं जवस तेल तर आठवडेच्या आठवडे घेतं. बाजारातल्या बेलतेलात वाळवणारे धातूचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते लवकर वाळतं, पण पातळ थरातच. जुने कारागीर नुसतं तेल क्वचितच वापरत. ते तेलात राळ किंवा चंद्रूस शिजवून वार्निश करत, कारण एकट्या जवस तेलाने पाणी फारसं अडत नाही. आज राळयुक्त तयार तेल-वार्निश मिळतं, ते किंवा टंग तेल चालेल. ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. थर पातळ असेल तर बहुतेक सगळी चांगली आहेत.

पहिल्या हाताला थोडं टर्पेंटाइन मिसळा आणि लाकूड पिईल तेवढं पिऊ द्या. पंधरा-वीस मिनिटांनी जे वर उरलं ते सगळं, अगदी सगळं, कोरड्या फडक्याने पुसून काढा. पुढचे हात तळव्याने द्या. चार-पाच थेंब हातावर घ्यायचे आणि लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं. दोन हातांमध्ये किमान एक पूर्ण दिवस, दमट हवेत दोन-तीन. नखाने हलकेच दाबून बघा, खूण उमटली तर अजून थांबा. उजेड आणि खेळती हवा यांनी वाळणं लवकर होतं, बंद कपाटात ते रखडतं. तकाकी जास्त वाटली तर शेवटी बारीक राखेची पूड तेलात भिजवलेल्या फडक्यावर घेऊन मारता येते.

जे दिसत नाही तिथे तेल दिलंच पाहिजे: नळीची खाच, घोड्याच्या यंत्राचा खळगा, गजाची भोकं, पितळी पाठीखालचा आडवा छेद. पावसाळी हवा आणि नळी धुताना सांडलेलं पाणी तिथूनच शिरतं. मग दस्ता फुगतो आणि यंत्राला दाबतो.

तेलाच्या फडक्यांबद्दल मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही. जवस तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. चुरगळून टाकलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काही तासांत, कुणी हात न लावता, फडकं पेट घेतं. कामशाळाच्या कामशाळा यात जळल्या आहेत. वापरलेलं फडकं बाहेर, एकेक करून सपाट पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

आत्तापर्यंतचं पुन्हा एकदा: जुना थर काढा, पाण्याने परीक्षा करा, स्क्रेपर, रेषा उभी करणं, लोखंडी द्रावण आणि उष्णता, सोडा-पाणी, मग पातळ तेल. आता नळी.

ब्राउनिंग म्हणजे आपण मुद्दाम आणलेला आणि लगाम घातलेला गंज. तो एकसारखा यायचा तर पोलाद एकसारखं असावं लागतं. कोरे राहिलेले ठिपके जवळजवळ नेहमी तेलाचे असतात. एकदा बोट लागलं तरी पुरतं. दुसरं कारण म्हणजे सोल्यूशन ओलंचिंब लावणं. मग ते ओघळतं आणि ओघळाच्या कडेला गंज साचतो. अनेक सोल्यूशनमध्ये मोरचूद असतो, त्यामुळे ओल्या जागेवर पुन्हा फडकं फिरवलं की तिथे तांब्याचा पातळ मुलामा चढतो. तुमचे 'तांबूस' ठिपके खरोखरच तांब्यासारखे चमकत असतील तर ते तेच.

नळी पुन्हा कोरी करा. व्हिनेगारमध्ये भिजवलेल्या फडक्याने गंज सुटतो. मग सपाट कानस दोन्ही हातांत आडवी धरून नळीच्या लांबीने ओढत प्रत्येक पैलू साफ करा. कानशीत कीस अडकला की लगेच ब्रशने काढा, नाहीतर खोल ओरखडा पडतो. आठही पैलूंच्या कडा धारदार राहिल्या पाहिजेत, म्हणून पुढे पेपर वापराल तोही ठोकळ्यावरच. २२० ते ३२० नंबरच्या पेपरला थांबा. आरशासारखं घासलेलं पोलाद गंज सारखा धरत नाही, इतकं चकचकीत करण्याची गरजच नाही. नळीचा मागचा स्क्रू-बूच मात्र खोलू नका. ते बसवणं हे नळी करणाऱ्याचं काम आहे.

नळीच्या आत हलकं ग्रीस फिरवा, तोंडात लाकडी बूच घट्ट ठोका, रंजकाच्या छिद्रात लाकडाची काडी बसवा. नळीच्या मागच्या शेपटीला (बुचामागे निघालेल्या पट्टीला) पकड लावली की नळीला हात न लावता ती दोन्ही टोकांनी उचलता येते. यानंतर ॲसिटोनने दोनदा पुसा, प्रत्येक वेळी नव्या फडक्याने, आणि हातमोजे घाला. फडकं सोल्यूशनमध्ये बुडवून इतकं पिळा की ते नुसतं ओलसर राहील. एका पैलूवर एकच लांब ओढ, मागे पुढे घासायचं नाही.

मग दमट पेटी. एका उभ्या कपाटात गरम पाण्याचं भांडं ठेवलं तरी चालतं, फक्त थेंब नळीवर पडता कामा नयेत. आर्द्रता साधारण ७० ते ८० टक्के असावी. काही तासांनी नळीवर मखमलीसारखा बारीक नारिंगी गंज दिसतो. तो खरखरीत, तेलविरहित कापडाने पुसून सैल पूड काढायची, आणि पुन्हा सोल्यूशन. पहिल्या दोन हातांनंतर नळी डागाळलेलीच दिसते, त्यावरून निष्कर्ष काढू नका. चौथ्या-पाचव्या हाताला रंग जुळायला लागतो आणि बहुधा पाच ते आठ हातांत खोल चॉकलेटी तपकिरी येतो. हवा खूप दमट असेल तर वेळ कमी करा. जास्त वेळ ठेवलेल्या नळीवर गंज खड्डे पाडतो आणि ते पुन्हा कानस लावल्याशिवाय जात नाहीत.

मनासारखा रंग आला की उकळत्या पाण्यात खाण्याचा सोडा घालून नळीवरून भरपूर ओता, पुसा, कोमट असतानाच तेल लावा. पुढचे काही दिवस रोज बघा, कडेकोपऱ्यात नारिंगी दिसलं तर परत सोडा आणि तेल. हीच नळी दर हातानंतर साध्या पाण्यात उकळली असती तर तपकिरी गंज काळा झाला असता. काळसर निळी नळी आवडत असेल तर ती वाटही मोकळी आहे. आणि नळी अगदी कोरी, पांढरी ठेवून नुसतं तेल लावणं हेही त्या काळाला धरून आहे.

पितळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ४०० नंबरपर्यंत घासून सोडा, तेलाने ते स्वतःहून छान पिकतं. घोड्याच्या यंत्राचं बाहेरचं अंग बारीक पेपरने स्वच्छ करा. त्याच्या कमानीला, आणि चकमक जिच्यावर आपटते त्या पोलादी पट्टीला मात्र उष्णता देऊ नका. त्यांचं पाणी उतरलं की ठिणगी पडणार नाही, आणि ते पुन्हा चढवणं वेगळं शास्त्र आहे.

आता क्रमाबद्दल. दस्ता आणि नळी एकदम चालू ठेवता येतात, फक्त एकाच खोलीत नकोत. ब्राउनिंगच्या पेटीतली दमट हवा तेलाला वाळू देत नाही, आणि पॉलिशची धूळ ओल्या तेलावर बसते. दस्ता पुन्हा खरवडायला मन तयार होत नसेल तर निदान पाण्याची परीक्षा करून बघा आणि निकाल इथे लिहा. डाग एक-दोनच असतील तर पूर्ण दस्ता न खरवडताही मार्ग निघू शकतो.

सगळं जुळल्यावर बंदूक नेमबाजीला न्याल तेव्हा तिच्यात फक्त काळी दारू किंवा तिच्या जागी वापरण्यासाठीच बनवलेली दारू घाला. आधुनिक धूरविरहित दारूने अशी नळी फुटते, थोडीशी घातली तरी. दोन-तीनदा वापरून धुतल्यावर नळी दस्त्यातून एकदा काढा आणि खाचेच्या तळाशी बघा. तिथे नारिंगी रेघ दिसली तर पाणी आत उतरतंय: त्या जागी तेलाचे आणखी दोन पातळ हात द्या, नळीच्या त्या पैलूला मेण लावा, आणि महिन्याभराने पुन्हा उघडून पाहा.